बोटभर कापूस

संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक उभा राहतो. त्या सूक्ष्मदर्शकाखाली जे येतं, त्याला आधी महिनोन्‌महिने कोणीतरी खाऊपिऊ घातलेलं असतं, त्याची घाण काढलेली असते, हे कोणाच्या मनातही येत नाही. कर्करोगाच्या औषधांचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत हे काम मावशी करायच्या, आणि एकोणीस वर्षं करत होत्या. तळमजल्यावरच्या प्राणिगृहातले उंदरांचे पिंजरे बदलायचे, लाकडाचा भुसा भरायचा, पाण्याच्या बाटल्या लावायच्या, वापरलेलं सगळं वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायचं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही बाटली गळली नव्हती आणि एकही उंदीर पळाला नव्हता. हे त्या स्वतःच सांगायच्या, कोणी न विचारता.

आत जाताना चपला, घड्याळ, बांगड्या, फोन, सगळं बाहेर ठेवावं लागे. मग निळा झगा, टोपी, मास्क, हातमोजे. एकदा का हा साज चढवला की मोठा शास्त्रज्ञ कोण आणि पिंजरे धुणारी कोण, काही कळायची सोय नाही. मावशींना मात्र पाठमोरं पाहूनही कोणी ओळखलं असतं, कारण पिंजऱ्यांशी गप्पा मारत चालणारी बाई अख्ख्या इमारतीत एकच होती. "काय रे, कालचं अजून संपवलं नाहीस? मग आज नवीन कशाला घालू?" असं त्या तेवीस नंबरच्या पिंजऱ्याला विचारत, आणि उत्तराची वाटही पाहत.

त्यांचा नवरा गाद्या भरायचा. गल्लीत त्याला गादीवाला म्हणूनच ओळखत. दुकान पुढे, घर मागे, आणि दोन्हीकडे कापूस. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात शिंकून शिंकून बेजार झाल्या होत्या. पुढे मात्र कापूस चिमटीत धरला की तो किती लांब धाग्याचा, किती जुना, यात किती कचरा निघेल, हे त्या नवऱ्याच्या आधी सांगायला लागल्या. गादीवाला याचं कौतुक गिऱ्हाइकांसमोर करायचा, बायकोसमोर नाही.

प्राणिगृहाची व्यवस्था बघणाऱ्या साहेबांना सगळे पाठीमागे 'चेकलिस्ट' म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पण त्याचा जीव कागदात. दर बुधवारी तो हातात तक्ता घेऊन फिरायचा: तापमान बरोबर, खूण; बाटली भरलेली, खूण; पिंजऱ्यावरचं माहितीचं कार्ड जागेवर, खूण. पिंजऱ्यात उंदराच्या जागी बटाटा ठेवला असता तरी कार्ड जागेवर असल्याची खूण त्याने केली असती, असं मावशी म्हणायच्या. आणखी एक सवय होती त्याला. कागद म्हणून काही टाकायचा नाही. जुनी कार्डं, जुने तक्ते, पाण्याची बिलंसुद्धा खोक्यांत भरून, वर तारीख घालून, भांडारात छतापर्यंत रचलेली.

तर झालं असं की वरच्या मजल्यावरच्या एका मुलीने नव्या औषधाचं काम सुरू केलं. मुलगीच म्हणायची, पंचविशीच्या आतबाहेरची, डॉक्टरेट करत होती. तिच्या विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठे सर म्हणायचे, म्हणून या झाल्या छोट्या मॅडम. चाळीस उंदीर, प्रत्येकाला गाठ. वीस जणांना औषध, वीस जणांना नुसतं मिठाचं पाणी. सकाळी मावशी एकेक उंदीर छोट्या डबीत घालून मोजणीच्या खोलीत न्यायच्या, छोट्या मॅडम गाठ मोजून वहीत आकडा लिहायच्या, की मावशी त्याला परत घरी सोडायच्या. त्या पिंजऱ्याला घरच म्हणायच्या.

या उंदरांना एकेकटं ठेवलेलं होतं, तसा नियमच होता. मावशींना तो पहिल्यापासून खटकला. चारपाच जण एकत्र असले की एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात, ऊब राहते. एकट्याने काय करायचं? आणि खोली तर झगा-टोपी घालून घामाघूम होणाऱ्या माणसांच्या सोयीने गार ठेवलेली. उंदरांना कोणी विचारलं होतं?

एके दिवशी सकाळी अकरा नंबरच्या पिंजऱ्याचं कार्ड गायब. एकोणीस वर्षांत कार्ड हरवलं नव्हतं. वाकून बघतात तर काय, त्या दीडदमडीच्या उंदराने कार्डाचा कोपरा जाळीतून आत ओढला होता आणि सबंध कार्ड कुरतडून, त्याच्या बारीक बारीक पट्ट्या करून, मागच्या कोपऱ्यात त्याचा गोल बिछाना रचला होता. वर स्वतः मध्यभागी डोळे मिटून बसलेला. पोटावर गाठ, अंगात ताप असावा, आणि तरी एवढा खटाटोप.

"अरे," मावशी म्हणाल्या, "तोंडाने मागता येत नाही म्हणून कागद खाल्लास होय?"

कार्ड हरवल्याबद्दल चेकलिस्टने दहा मिनिटं सुनावलं आणि नवं कार्ड करून दिलं. मावशींनी मान खाली घालून ऐकलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला सगळ्यात चांगला कापूस घेतला, सरकीचा कण राहू नये म्हणून हाताने निवडला, स्टीलच्या डब्यात भरला आणि पिंजऱ्यांबरोबर वाफेच्या यंत्रातून काढला. नियम मोडायचा तोही स्वच्छतेने, अशी बाई. पण सरसकट सगळ्यांना कापूस द्यायचा त्यांचा विचार नव्हता. ज्याला नको त्याच्या घरात अडगळ कशाला? म्हणून त्यांनी आपली एक रीत काढली. प्रत्येक पिंजऱ्याच्या जाळीत बोटभर कापूस अडकवायचा, अर्धा बाहेर, अर्धा आत. मग रांगेच्या टोकापर्यंत भुसा बदलत जायचं आणि परत यायचं. कोणी नुसतं हुंगून निघून गेलेलं असे. कोणी तो ओढून आत नेलेला असे. ज्याने ओढला त्याने मागितला. मागणाऱ्याला एक मूठ कापूस मिळे, आणि कोणाला दिला ते विसरू नये म्हणून त्याच्या कार्डाच्या मागे निळ्या पेनाचा एक ठिपका. न मागणाऱ्याचा बोटभरही काढून घ्यायचा. बुधवारी चेकलिस्ट यायचा, कार्डं पुढून बघायचा, खुणा करायचा आणि जायचा. भुशात मिसळलेला कापूस त्याला दिसला नाही, कारण तक्त्यात 'कापूस' असा रकानाच नव्हता.

छोट्या मॅडमचे आकडे झकास येऊ लागले. औषध दिलेल्या वीसपैकी अकरा उंदरांच्या गाठी आक्रसल्या. मोठ्या सरांनी वरच्या मजल्यावर सगळ्यांना चहा पाजला. छोट्या मॅडम धावत खाली आल्या आणि झग्यासकट मावशींना मिठी मारून म्हणाल्या, "मावशी, आपले उंदीर बरे होतायत!" त्या 'आपले'ने मावशी आठवडाभर हवेत होत्या.

पण एकदा आलं म्हणून विज्ञान ऐकत नाही, पुन्हा करून दाखवावं लागतं. नेमकं तेव्हाच मावशींच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि त्या दोन महिन्यांची साठवलेली रजा घेऊन तिच्या गावी गेल्या. त्यांच्या जागी चेकलिस्टने एक तरबेज माणूस आणला. त्याने काडीइतकाही नियम मोडला नाही.

मावशी नातवाला तेल लावून, न्हाऊमाखू घालून, गाल गुलाबी करून परत आल्या. सगळ्यांना त्याचा फोटो दाखवायचा म्हणून त्या कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या, तर बाकावर छोट्या मॅडम बसलेल्या, टोपी डोक्यावर तशीच, डोळे सुजलेले.

"काय झालं हो?"

"मावशी, दुसऱ्या खेपेला काहीच आलं नाही. विसांत तीन. फक्त तीन."

"असेल काहीतरी. पुन्हा करा."

"पुन्हा कोण करू देतंय? बाहेरून तपासायला नेमलेल्या समितीचं म्हणणं आहे, पहिले आकडे मी मनाने भरले. मोठ्या सरांनी माझ्या सगळ्या वह्या मागवल्यात. गुरुवारी बैठक आहे." तिने हातमोजा काढला, पुन्हा घातला. "मी एकही आकडा खोटा लिहिला नाही हो मावशी. आई शप्पथ."

मावशी तिच्याशेजारी बसल्या. फोटो पर्समध्येच राहिला. त्यांनी एकच विचारलं, "माझ्या जागी होता त्याने उंदरांना काय काय दिलं?"

"जे नियमात आहे तेच. का?"

मावशींना एकदम कापसाचा डबा आठवला.

त्या दिवशी घरी आल्यावर त्या दुकानातच ढिगापाशी बसल्या. गादीवाला एका गादीला टाके घालत होता. त्याने दोनदा बघितलं, मग सुई खोवून ठेवली.

"बाळ बरं आहे ना?"

"बाळ ठणठणीत आहे. मीच घोळ घातलाय."

त्यांनी सगळं सांगितलं. कार्ड खाल्लेल्या उंदरापासून ते छोट्या मॅडमच्या सुजलेल्या डोळ्यांपर्यंत. "सांगितलं तर मला काढतील हो. परवानगीशिवाय बाहेरची वस्तू आत नेली. एकोणीस वर्षांत माझ्यावर बोट ठेवायला कोणाला जागा नव्हती. आणि नाही सांगितलं तर ती पोर आयुष्यभर खोटारडी ठरेल."

गादीवाल्याने मांडीवरची गादी बाजूला सारली. मग म्हणाला, "शिवण आपण घातली असेल तर उसवायची पण आपणच. गिऱ्हाइकाने गादी फाडून बघायची वाट बघायची नाही."

"म्हणजे सांगू?"

"तू मला विचारायला बसलीच नाहीस. तुझं ठरलंय. तू फक्त मोठ्याने बोलून बघितलंस." आणि त्याने पुन्हा सुई उचलली. "कापूस चांगला नेला होतास ना पण? पलीकडच्या पोत्यातला नव्हे?"

"अहो, निवडून नेला होता."

"मग झालं," गादीवाला म्हणाला.

गुरुवारच्या बैठकीला मोठे सर, चेकलिस्ट, समितीचे दोघे आणि समोर एकट्या छोट्या मॅडम. लांब टेबल, त्यावर वह्यांचा गठ्ठा. मावशी दार ढकलून आत आल्या. निळ्या झग्याशिवाय त्यांना वरच्या मजल्यावर कोणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे क्षणभर कोणाला कळेना या बाई कोण.

"सर, पोरीची चूक नाही. माझी आहे," मावशी म्हणाल्या आणि न थांबता, आधी काय, मग काय, असं सगळं सांगून मोकळ्या झाल्या. एकही गोष्ट गाळली नाही.

चेकलिस्टचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कापूस? माझ्या प्राणिगृहात? दर बुधवारी मी स्वतः..."

"तुम्ही कार्डं पुढून बघायचात, साहेब. ठिपके मागे आहेत."

समितीतले एक जण हसले. "बाई, हे आता सांगून काय उपयोग? कोणाला कापूस दिला होता याला पुरावा काय?"

मावशी काही बोलणार, तोच चेकलिस्ट उठून उभा राहिला. त्याला राग आला होता, पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या अभिमानाची होती. "आमच्याकडे कार्ड टाकत नाहीत," तो म्हणाला, आणि तरातरा भांडारात गेला. वीस मिनिटांनी धुळीने माखलेलं एक खोकं घेऊन आला. वर तारीख घातलेली होतीच.

चाळीस कार्डं टेबलावर उलटी मांडली गेली. छोट्या मॅडम वही उघडून एकेक आकडा वाचू लागल्या, मोठे सर कार्डावर बोट ठेवत गेले. गाठ आक्रसलेले अकरा उंदीर. त्यांतल्या नऊ जणांच्या कार्डावर ठिपका. औषध घेऊनही गाठ वाढलेले नऊ. त्यांत ठिपका फक्त एकाच्या कार्डावर. खोलीत कोणी हसेना आता. मिठाचं पाणी घेतलेल्यांतही सहा ठिपके निघाले, पण त्यांच्या गाठी वाढतच गेल्या होत्या. म्हणजे नुसता कापूस औषध नव्हता.

छोट्या मॅडमनी वही मिटली. तिचे आकडे खरे होते. ती टेबलावर डोकं टेकून रडली, आणि मावशी कोणाची पर्वा न करता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मोठे सर मात्र अजून कार्डांकडेच बघत होते. "थांबा. याने काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "कापसामुळे औषध लागू पडलं, की ज्यांच्या अंगात मुळात जोर होता त्यांनीच कापूस ओढला? मावशी, तुम्ही मागणाऱ्यांना दिलात. जो मागतो तो आधीच धडधाकट असेल तर?"

"अकरा नंबर धडधाकट नव्हता, सर. त्याला उभं राहवत नव्हतं, तरी त्याने ओढला."

"मला पटतंय. पण मला पटून भागत नाही."

नियम तो नियम. मावशींना ताकीदपत्र मिळालं. ते लिहायचं काम चेकलिस्टकडे आलं आणि त्याने ते आपल्या पद्धतीने, तपशिलात काडीची चूक न करता लिहिलं: 'आपण कोणाचीही परवानगी न घेता, जाळीत बोटभर कापूस अडकवून, तो ओढून घेणाऱ्या म्हणजेच कापूस मागणाऱ्या उंदरांना प्रत्येकी एक मूठ कापूस दिला, हे नियमबाह्य आहे. पुन्हा असे घडल्यास कडक कारवाई करण्यात येईल.' खाली झोकदार सही. समितीचं म्हणणं होतं, बाईंना काढूनच टाका. मोठे सर म्हणाले, "काढा. मग उंदीर मागतोय की नुसता हुंगतोय, हे मला कोण सांगणार? तुम्ही?" तो विषय तिथेच संपला.

नवा प्रयोग ठरला, रीतसर, परवानगीने. सगळ्यांना औषध द्यायचं. आधी मावशींनी बोटभर कापूस अडकवून मागणारे आणि न मागणारे वेगळे करायचे. मग मागणाऱ्यांतल्या निम्म्यांना कापूस, निम्म्यांना नाही. आणि न मागणाऱ्यांतल्या काहींना न मागताच. कोणाला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं, बंद पाकिटात. मूठ म्हणजे किती, हा प्रश्न निघाला तेव्हा छोट्या मॅडमनी वजनकाटा आणला. मावशींनी न बघता दहा मुठी काढल्या. काट्यावर दोन ग्रॅम, दोन, दोन पूर्णांक एक, दोन... दहाव्या मुठीला मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला.

"गादीवाल्याच्या घरात एवढी वर्षं काढली, सर," मावशी म्हणाल्या. "हात काय रिकामा राहतो?"

गंमत इथे संपली. कारण मग पाकिटं उघडायला लागली आणि मागणाऱ्याला नाही म्हणायची वेळ आली. नुसतं नाही म्हणायचं नव्हतं. त्याने ओढून नेलेला बोटभर कापूसही चिमट्याने काढून घ्यायचा होता. सदतीस नंबरने तो तीनदा ओढला. तिन्ही वेळा मावशींनी काढला. चौथ्या वेळी त्याने जाळीच्या गजाला दोन्ही पंजे लावले आणि बघत राहिला. मावशींचा हात स्टीलच्या डब्यात गेला. काचेपलीकडून छोट्या मॅडम बघत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. एक मूठ कापूस, कोणाला कळलं नसतं. यापूर्वी कळलं नव्हतंच.

मावशींनी डब्याचं झाकण लावलं आणि अडतीस नंबरकडे गेल्या.

त्या दिवशी उरलेल्या कापसाचा डबा त्यांनी तसाच घरी नेला. "मी वाईट वागले हो आज," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण खरं वागले." आयुष्यात त्यांनी बरीच कामं केली, पण हात आवरण्याइतकं अवघड दुसरं काही केलं नाही, असं त्या आजही सांगतात. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कर्तबगारीत मी हा दिवस सगळ्यात वर ठेवीन.

शेवटी आकडे आले. मागून मिळालेले चोवीस, त्यांतल्या एकोणीस जणांच्या गाठी आक्रसल्या. मागून न मिळालेले चोवीस, त्यांत पाच. न मागता मिळालेल्या चोवीसपैकी सहा. त्यांनी कापूस कोपऱ्यात लोटून दिला होता आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. छोट्या मॅडमनी तीन वेळा बेरीज केली. मग त्या जिना उतरून खाली आल्या आणि धावल्या नाहीत या वेळी. मावशींच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, "मावशी, नुसती ऊब नाही. हवी असलेली ऊब."

"तेच तर सांगत होते मी," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना कळेना आपल्याला हसू येतंय की रडू.

दुसऱ्या गावच्या संस्थेनेही हा प्रयोग करायचं ठरवलं. तिथली एक बाई, अशीच पिंजरे बदलणारी, चार दिवस मावशींकडे शिकायला येऊन राहिली. मागणं आणि हुंगणं यातला फरक मावशींनी तिला उंदरांसमोर उभं करून शिकवला. तिकडेही तसंच उत्तर आलं. आता माणसांच्या दवाखान्यातले डॉक्टर विचार करायला लागले होते की उपचार चालू असताना रुग्णाला काय हवं ते विचारणं ही नुसती शिष्टाचाराची बाब आहे, की आणखी काही. उत्तर अजून कोणाकडे नाही. प्रश्न मात्र मावशींच्या जाळीतून गेला होता.

लेख छापून आला. शेवटी, बारीक अक्षरांत, आभार मानले होते, त्यात मावशींचंही नाव. मोठ्या सरांनी त्यांना खोलीत बोलावून तो दाखवला, खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. मग म्हणाले, "आणि मावशी, ते ताकीदपत्र. आता ते तुमच्या फाइलमध्ये राहणं बरोबर नाही. आपण ते रद्द करतोय. झालंच नाही असं समजा."

मावशींनी चहाचा कप खाली ठेवला.

"नको, सर."

"नको? अहो, डाग आहे तो तुमच्या नोकरीवर."

"डाग असला तर असू द्या. तुमच्या लेखात लिहिलंय की मावशींनी मदत केली. मदत म्हणजे काय, ते कोणाला कळणार? त्या पत्रात लिहिलंय मी काय केलं. बोटभर कापूस, जाळी, मागणारे उंदीर, मूठ. सगळं. तारखेसकट." त्यांनी लेखावर बोट ठेवलं. "तुमच्या लेखाच्या दीड वर्ष आधीची तारीख आहे, सर. रद्द करू नका. उलट मला त्याची एक प्रत द्या."

मोठ्या सरांनी फाइलमधून पत्र काढलं. मग स्वतः उठून प्रत काढून आणली आणि दोन्ही हातांनी दिली.

गादीवाल्याने त्या पत्राला चौकट केली, काच लावली आणि दुकानात, शिलाईच्या यंत्राच्या बरोबर वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं टांगलं. कोणी विचारलं की सांगायचा, "आमच्या हिला मिळालंय." आणि मग हातातलं काम टाकून पहिल्यापासून सगळं. बायकोचं कौतुक तिच्यासमोर न करणारा माणूस, पण आता ती मागे उभी असली तरी आवाज खाली आणायचा नाही.

काही महिन्यांनी चेकलिस्टची पाठ धरली. वर्षानुवर्षं खोकी उचलून दुसरं काय होणार? डॉक्टरांनी गादी बदलायला सांगितली म्हणून तो दुकानात आला. मावशी सुट्टीवर होत्या, कापूस पिंजत बसल्या होत्या. चेकलिस्टचं लक्ष यंत्राच्या वर गेलं.

"हे... हे तर मी लिहिलेलं पत्र आहे."

"हो ना," गादीवाला म्हणाला. "सही झोकदार आहे तुमची."

चेकलिस्ट जवळ गेला. त्याने पत्र पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत वाचलं. मधे थांबला. "'कापूस मागणाऱ्या उंदरांना'," तो हळूच म्हणाला. "हे मी लिहिलं होतं?"

"तुम्हीच, साहेब," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी कागदावर आणलंत ते तुम्ही."

चेकलिस्टने शर्टाची कॉलर सारखी केली. मग पत्राकडे पुन्हा एकदा पाहिलं, या वेळी जरा ताठ मानेने.

मावशी हात झटकून उठल्या. त्यांनी नमुन्याच्या दोन गाद्या त्याच्यापुढे ओढल्या. "बोला साहेब. कडक हवी की मऊ?"

"पाठीच्या दुखण्याला नियमाप्रमाणे..."

"नियम राहू द्या. तुम्हाला कशी हवी?"

चेकलिस्टने एका गादीवर तळवा दाबून बघितला, मग दुसऱ्या. पुन्हा पहिलीवर. गादीवाला काहीतरी सुचवायला पुढे झाला, तेव्हा मावशींनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. मग त्या बाजूच्या स्टुलावर बसल्या आणि चेकलिस्टला हवा तेवढा वेळ घेऊ दिला.